अजून कच्चं आहे

मत्सर हा शब्द पुस्तकातला. आमच्याकडे ‘पोटात दुखतं’ म्हणतात आणि बरोबरच म्हणतात, कारण दुखतं ते खरंच पोटात, बेंबीच्या जरा वर, उजव्या बाजूला. मी डॉक्टरला दाखवलं होतं. त्यानं सोनोग्राफी करून घेतली, काही निघालं नाही. माझ्या मित्राचा फोटो पेपरात येतो त्या दिवशी जास्त दुखतं, हे मी डॉक्टरला सांगितलं नव्हतं.

मित्र म्हणजे, आम्ही दोघं एकाच दिवशी चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो होतो. आज तो इन्व्हेस्टर आहे. शेअरबाजारवाला नव्हे, व्हेंचर कॅपिटलवाला. म्हणजे कुणी नवी कंपनी काढली, डोक्यात कल्पना आहे आणि खिसा रिकामा आहे, तर हा तिच्यात पैसे घालतो आणि बदल्यात कंपनीचा हिस्सा घेतो. कंपनी मोठी झाली की हिस्सा विकतो. पैसे बहुतेक दुसऱ्यांचे असतात, मोठमोठ्या लोकांनी त्याच्या भरवशावर दिलेले. मी भोसरीच्या एमआयडीसीत तीन पॉवर प्रेसची शेड चालवतो. पत्रा कापतो, वाकवतो, भोकं पाडतो, गाड्यांची ब्रॅकेटं बनवतो. तुम्ही स्कूटरवर बसत असाल तर माझं एखादं ब्रॅकेट तुमच्या खाली असेल. ते कुणाला दिसत नाही आणि त्याचा फोटोही कुठे येत नाही.

आमच्या बॅचमध्ये कामात मी पहिला. हे मी म्हणत नाही, टूलरूमचे फोरमन म्हणायचे. मला कान होता. प्रेसकडे आणि तिच्यातल्या साच्याकडे, म्हणजे डायकडे, पाठ करून उभा असलो तरी सांगायचो, डायला तडा जातोय, थांबवा. थांबवून उघडलं की केसाएवढी चीर सापडायची. मित्राला यातलं काहीच जमत नव्हतं. माप घ्यायचा व्हर्नियरही धड धरता येत नव्हता त्याला. कामाच्या वेळात तो कॅन्टीनमध्ये, स्टोअरमध्ये, नाहीतर गेटवर ट्रकवाल्यांत उकिडवा बसलेला सापडायचा. सारखे प्रश्न. तुम्ही हे असंच का करता? तसं केलं तर काय बिघडेल? फोरमन म्हणायचे, हे पोरगं कामाचं नाही. सगळे हसायचे. मी जरा जास्तच हसलो असेन.

दोन वर्षांत त्यानं नोकरी सोडली आणि मॅनेजमेंट शिकायला गेला. सोडू शकला, कारण तो चऱ्होलीचा. घरची जमीन, दारात बिल्डरांची ये-जा. माझे वडील लातूरकडून येऊन पिंपरीच्या एका कारखान्यात खाती बदलत बदलत रिटायर झाले. मी पडलो असतो तर खाली गादी नव्हती, फरशी होती. ‘त्याचं काय हो, त्याच्या पाठीशी जमीन होती,’ हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय की आता बायको माझ्या आधी म्हणते. वाक्य खोटं नाही. पण चऱ्होलीत जमीनवाली पोरं पुष्कळ होती. बाकीच्यांनी काळ्या काचांच्या गाड्या घेतल्या आणि शर्यतीचे बैल पाळले. हा एकटाच असल्या उद्योगाला लागला.

त्याच्या वडिलांना मी एकदा विचारलं होतं, सध्या काय करतो म्हणून. ते अंगणात खाटेवर बसले होते. म्हणाले, “आमाला बी न्हाई कळत बघा. लोकांच्या धंद्यात पैसं घालतंय म्हणं. म्या म्हणलं, आरं, सोताचा धंदा का काढत न्हाईस? तर म्हणतंय, आबा, मला धंदा येत न्हाई, मानसं वळकता येत्यात.” हे ऐकून मला इतकं बरं वाटलं होतं! स्वतःच्या बापाला कळत नाही असल्या कामाला काय अर्थ आहे? उंटावरून शेळ्या हाकणं, दुसरं काय. पुढची काही वर्षं हे वाक्य मला पुरलं.

त्याचे सुरुवातीचे पैसे बुडाले, हेही मला ठाऊक आहे, कारण मी बारीक लक्ष ठेवून होतो. मुंबईला एका फंडात होता तेव्हा त्यानं निवडलेल्या दोन कंपन्या बसल्या. मी शेडमध्ये सगळ्यांना चहा पाजला. कारण सांगितलं नाही. मग तो बेंगळुरूला गेला आणि तिथे त्याला दोन मुलं भेटली, ज्यांनी रिकामे परतणाऱ्या ट्रकना परतीचा माल मिळवून देणारं ॲप काढलं होतं. चाकणला माल उतरवून ट्रक रिकामे परत जातात, हे त्याला गेटवर उकिडवं बसून बसून माहीत होतं. मलाही माहीत होतं! तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये मी त्या रिकाम्या ट्रकांच्या मागे वर्षानुवर्षं अडकलोय आणि त्यांना शिव्या दिल्यात. त्याच ट्रकांवर तो मोठा झाला. ती कंपनी पुढे परदेशातल्या कुणीतरी विकत घेतली, यानं आपला हिस्सा विकला आणि स्वतःचा फंड काढून पुण्यात परत आला. तेव्हापासून माझं पोट.

एकदा त्यानं मला त्याच्या धंद्याचं गणित समजावलं होतं. “दहा ठिकाणी पैसे घालायचे राव. सात बुडणार. दोन कसेबसे परत येणार. एक असा उठतो की सगळ्यांचं भरून निघतं.” मी म्हटलं, “माझ्याकडे दहातले सात पीस रिजेक्ट झाले तर कंपनीवाले माझ्या गेटला कुलूप लावतील.” तो खदखदून हसला, आणि पुढे म्हणे त्यानं हे कुठल्यातरी भाषणात सांगितलं. माझं बोलणंसुद्धा त्याच्याच कामाला येतं.

गेल्या वर्षी चिंचवडच्या नाट्यगृहात त्याचं भाषण होतं. रविवारी. आमच्या एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी जाणं म्हणजे चालू शेड सोडून जाणं. तरी गेलो, कारण मुलगी मागे लागली. ती ताथवड्याच्या कॉलेजातून नुकतीच इंजिनीअर झाली होती आणि तिच्या लेखी काका म्हणजे देव. हॉल तिच्याच वयाच्या पोरापोरींनी भरला होता. तो साधा शर्ट घालून आला. एवढा पैसा असून साधा शर्ट घालणं हा मला नेहमीच माज वाटत आलाय. बोलता बोलता म्हणाला, “प्रेसशॉपमध्ये माझा एक मित्र होता. नुसत्या आवाजावरून सांगायचा, डाय फुटणार. मी महिनाभर त्याच्या शेजारी उभा राहून ऐकलं. मला काहीच ऐकू आलं नाही. तेव्हा कळलं, आपल्याला कान नाही. मग ठरवलं, ज्यांना कान आहे अशी माणसं शोधायची आणि त्यांच्या मागे उभं राहायचं. माझं करिअर एवढंच आहे.”

टाळ्या काही थांबेनात. मुलीनं वळून माझ्याकडे पाहिलं, तिचे डोळे भरले होते. आणि मी? माझा एक मित्र म्हणे! ना नाव, ना गाव. कान माझा आणि टाळ्या याला. इतक्या वर्षांत त्या कानामागे उभा राहायला कधी आला होता का? हे सगळं माझ्या मनात चाललेलं असताना मुलगी गर्दीतून त्याच्यापर्यंत पोहोचलीसुद्धा, आणि माझ्या देखत त्याला म्हणाली, “काका, मी पप्पांचा कान डबीत घालतेय.”

ती डबी म्हणजे काय ते सांगतो. साबणाच्या वडीएवढी वस्तू. प्रेसच्या अंगाला लोहचुंबकानं चिकटवायची. ती प्रेसचा आवाज ऐकते आणि डायला तडा जायला लागला की लाल दिवा लावून ओरडते. मुलगी आणि तिची वर्गातली मैत्रीण कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून माझ्या शेडमध्ये हेच करत होत्या. दोघी कानाला हेडफोन लावून बसायच्या, आणि मुलगी दर थोड्या वेळानं विचारायची, “पप्पा, आता कसा होता?” मी सांगायचो, भरलेला, म्हणजे डाय ठीक. कोरडा. फाटका. हे माझे शब्द, कुठल्या पुस्तकात नाहीत. ती ते लिहून घ्यायची आणि त्या आवाजाला चिकटवून ठेवायची. असे हजारो आवाज तिनं माझ्याकडून नेले. तेव्हा मला मजा वाटायची. कुणीतरी मला विचारतंय याचीच मजा.

दसऱ्याला मित्र शेडवर आला. तो दर दसऱ्याला येतो, एवढं मान्य करायला हवं. आदल्या दिवशी आम्ही मशिनं रॉकेलनं पुसून, धुऊन काढतो. सकाळी झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, प्रत्येक प्रेसपुढे नारळ. मुलीनं त्या वर्षी डबीलाही कुंकू लावलं होतं. मित्रानं मला सोनं दिलं, माझ्या प्रेसला हात जोडले आणि मग तो डबीपुढे जो उभा राहिला तो राहिलाच. मुलगी हातवारे करून सांगत होती. तो मधूनमधून विचारत होता, तेच त्याचे जुने प्रश्न. असं का? तसं केलं तर? आणि मी आपला प्रसादाचं ताट हातात घेऊन उभा. माझ्याच शेडमध्ये, माझ्याच मशिनपुढे, माझीच मुलगी, आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी ती गोष्ट घडली. दुपारची वेळ, मोठ्या प्रेसवर मी स्वतः उभा होतो. डबी ओरडली. मी कान लावला. आवाज भरलेला होता, मला तरी भरलेलाच वाटला. मी म्हटलं, “येडी झालीय ही,” आणि प्रेस चालूच ठेवली. मुलगी म्हणाली, “पप्पा, एकदा उघडून बघू या ना.” मी ऐकेना. तिनं पुढे होऊन लाल बटण दाबलं. डाय उघडली, आणि पत्र्यात घुसणाऱ्या पंचला चीर होती. आणखी थोडी चालवली असती तर तुकडा उडाला असता आणि समोर मीच होतो.

पंचवीस वर्षं प्रेसजवळ उभं राहिल्यावर कान जातो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. माझा जाईल असं मला वाटलं नव्हतं. ऑपरेटरला मी म्हटलं, “मला सकाळपासूनच शंका होती.”  मुलीनं फक्त वहीत टिपून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. तो गाडीत होता. म्हणाला, “हे बघ, आता मी मित्र म्हणून विचारत नाहीये. पोरी डबीची कंपनी काढतायत, तिच्यात पैसे घालायचा विचार आहे. घालायच्या आधी आम्ही तीन-चार लोकांना फोन करून विचारतो, ही पद्धतच असते. बाकीचे तिघं कॉम्प्युटरवाले आहेत, त्यांना प्रेसमधलं काय कळतंय? तू सांग, ते चालतं का? बाप म्हणून नको सांगू. कान म्हणून सांग.”

मला एका शब्दाचं काम होतं. चालतं. शेडमध्ये बसलो होतो, समोर ती चिरलेली पंच टेबलावर पडलेली होती.

मी म्हणालो, “पोरगी हुशार आहे रे. पण अजून कच्चं आहे. सहा महिने थांब.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं. तू म्हणतोस म्हणजे झालं.”

फोन ठेवल्यावर मी स्वतःची समजूत काढायला लागलो. आपल्यात आपल्या पोरांची स्तुती आपण करतो का? कुणी म्हटलं, मुलगी छान गाते, तर आई म्हणते, कसलं हो, घसा बघा कसा बसलाय. माझ्या शेडमध्ये कंपनीचा क्वालिटीवाला आला तर मी कधी म्हणत नाही की पीस उत्तम आहे. म्हणतो, बघा बुवा, तुमच्या नजरेला काय दिसतं ते. हीच आमची रीत. मग पोरीच्या मालाला कच्चं म्हटलं तर त्यात काय वावगं? ही समजूत मी दोन दिवस चघळली. पण रीत काय आणि डंख काय, हे ज्यानं मारला त्याला कळतंच. मला तिच्या डबीनं मागे टाकलं होतं, आणि त्या डबीमागे उभा राहणार होता तो. दोन्ही मला एकदम सहन झालं नाही.

मित्रानं पोरींना सांगितलं, आपण थोडं थांबू. कुणाच्या सांगण्यावरून, ते सांगितलं नाही. मुलगी घरी आली, जेवली, आणि भांडी घासता घासता आईला म्हणाली, “त्यांच्या एका जाणकारानं सांगितलं, अजून कच्चं आहे.” मी टीव्ही बघत होतो. बायको त्या जाणकाराला दोन सणसणीत शिव्या देऊन मोकळी झाली.

तिची मैत्रीण दोन महिने थांबली आणि हैदराबादला नोकरीला गेली. तिच्याही घरी भाडं, हप्ते होतेच, तिला दोष नाही. एकटीनं मुलगी थोडे दिवस ओढत राहिली. मग तिनंही चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये नोकरी धरली. सकाळी सहाला चिंचवड स्टेशनजवळून कंपनीची बस. डबी शेडमधल्या कपाटात गेली. मला वाटलं होतं, आता पोट दुखायचं थांबेल.

उन्हाळ्यात त्याच्या आबांना बरं नव्हतं म्हणून एका गुरुवारी मी चऱ्होलीला गेलो. तोही आला होता. आम्ही अंगणात बसलो. तो म्हणाला, “बरं झालं तू तेव्हा थांबवलंस. कोईमतूरची एक टीम भेटली, तशीच वस्तू करतात, त्यांच्यात घातले आम्ही. आता तिच्यात घालता येणार नाही, एका कामाच्या दोन कंपन्या आम्ही ठेवत नाही. पण तिचं कच्चं असताना उतरवलं असतं तर पोरगी तोंडावर पडली असती. थँक्स, भावा.”

त्यानं आभार मानले आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. म्हटलं, “कच्चं नव्हतं. तुझ्या फोनच्या तीन दिवस आधी डबीनं चीर पकडली होती. मला ऐकू आली नव्हती.”

त्यानं विचारलं, “मग असं का म्हणालास?”

“पोटात दुखलं माझ्या,” मी म्हटलं. “तुझ्या नावानं.”

मला वाटलं तो चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं, मी पण चार शब्द बोललो असतो. जमीन काढली असती, नाट्यगृहातलं भाषण काढलं असतं. पण तो नुसता हळू आवाजात म्हणाला, “बाकीच्या तिघांनी हो म्हटलं होतं रे. मी एकट्या तुझ्यावर थांबलो.” आणि मग, “तिला सांगितलंस?”

“नाही.”

“तू सांग. मी सांगणार नाही.”

त्याच संध्याकाळी मी स्टेशनजवळ तिच्या बसची वाट बघत उभा राहिलो. ती उतरली, गळ्यात कंपनीचं कार्ड, मला बघून घाबरली. “आईला काही झालं का?” मी म्हटलं, नाही, आणि तिथेच वडापावच्या गाडीशेजारी तिला सगळं सांगितलं. फोन कुणाला आला होता, मी काय म्हणालो, का म्हणालो. एकही गोष्ट झाकून ठेवली नाही. ती ऐकत होती.

शेवटी म्हणाली, “मला सांगायचं होतंत ना, पप्पा. हे मला नको वाटतं, बंद कर, एवढं म्हणाला असतात तर मी त्याच दिवशी बंद केलं असतं.”

मी म्हटलं, “आता बंद नको करू. पुन्हा काढ ती कपाटातून. दुसरे पैसेवाले असतील ना? मी येतो तुझ्याबरोबर. चालतं, असं सगळ्यांना सांगतो. म्हणशील तर लिहून देतो.”

ती माझ्याकडे बघत राहिली, लहानपणी गणित अडलं की बघायची तशी.

“तुम्ही लिहून द्याल हो,” ती म्हणाली. “पण ते खरंच चालतं म्हणून, की तुम्हाला आता वाईट वाटतंय म्हणून, हे मला कसं कळणार?”